पाठचं आलं, वरचं सुकलं

उन्हाळ्याच्या अंकात मुलांच्या सरबतांविषयी लिहिताना शेवटी सहज एक ओळ लिहून गेले होते: मूल सुकत चाललं असेल तर त्याबद्दल वेगळं पत्र पाठवा. त्या ओळीने माझं टेबल भरलं. पत्रं वेगवेगळ्या गावांची, पण बहुतेकांच्या शेवटी मागणी एकच, "एखादं चांगलं टॉनिक सुचवा." बाटली सुचवणं सोपं असतं हो. लिहायला एक ओळ पुरते आणि विचारणाराही खूश. पण पस्तीस वर्षं दवाखान्यात बसल्यावर बाटलीवरचा माझा विश्वास उरलेला नाही, वाटीवरचा वाढला आहे. पाच पत्रं निवडली. नावं गाळली आहेत.

चाकणहून एक आई लिहितात: मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे. मला पाचवा महिना लागला. दोन महिन्यांपूर्वी त्याचं वजन 9 किलो 800 ग्रॅम होतं, आता 9 किलो 300 भरलं. घास पुढे केला की तोंड फिरवतो, दिवसभर कडेवरून उतरत नाही, रात्री चारदा उठून अंगावर प्यायला मागतो. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे. सासूबाई म्हणतात, पोटुशीचं दूध विषासारखं, आजच्या आज तोड. कंपनीतल्या मैत्रिणी म्हणतात, खुशाल पाज. अरविंदासव सुरू करू का?

ताई, तुमच्या पत्रातला मुलगा मी ओळखते. म्हणजे हा नव्हे, पण असे शेकड्यांनी पाहिलेत. आमच्याकडे आजीबाई दारातूनच निदान सांगत आत यायच्या: "पाठचं आलं नि वरचं सुकलं बघा." ग्रंथात याला नाव आहे, पारिगर्भिक. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या माधवनिदानात त्याचं वर्णन तुमच्या पत्रासारखंच आहे. गरोदर आईचं दूध पिणारं मूल. खोकला, मंद भूक, उलटी, सुस्ती, कृशपणा, अन्न नकोसं होणं आणि वाढलेलं पोट. याच रोगाचं दुसरं नावही तिथे दिलं आहे, परिभव. परिभव म्हणजे हार, अवहेलना. रोगाला असं नाव देणाऱ्याने आईच्या मांडीवरून उतरवलेलं पोर नुसतं तपासलं नव्हतं, त्याचा चेहराही पाहिला होता.

याला एक विलक्षण जोड आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाई पश्चिम आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. 1933 मध्ये त्यांनी सुजलेल्या, चिडचिड्या, कातडी सोलवटणाऱ्या मुलांच्या आजाराचं वर्णन छापलं आणि 1935 मध्ये त्याला तिथल्या गा भाषेतलंच नाव दिलं, क्वाशिओरकोर. धाकटं भावंड आल्यावर जागा गेलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. तिथल्या आयांना आपलं माधवनिदान कुठून ठाऊक असणार? पण त्यांनी पाहिलं तेच जे आपल्या आजीबाईंनी पाहिलं. तुमच्या मुलाला क्वाशिओरकोर झालाय असं मी म्हणत नाही, घाबरू नका. पण वाट त्याच दिशेची आहे आणि आत्ता वळवली तर सहज वळते.

आता सासूबाईंचं म्हणणं. दूध विष होत नाही. मात्र चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास ते बरंच कमी होतं, चवही बदलते. घोटाळा होतो तो इथे. मूल रात्रभर ओढतं, आईला वाटतं पोट भरतंय, त्याला वाटतं मिळेल अजून, आणि सकाळी त्याला ना भूक ना झोप. तुम्हाला रक्तस्राव नसेल, आधी कधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली नसेल आणि तुमच्या डॉक्टरांची ना नसेल, तर पाजणं चालू ठेवलं तरी चालतं. तोडायचंच ठरवलंत तरी एका दिवसात नको. कोरफडीचा गर नाहीतर कडुनिंब लावून एका रात्रीत तोडण्याची रीत मला कधीच पटली नाही. आधीच हरलेल्या पोराला तो दुसरा धक्का. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने दात आल्यावर मुलाला अंगावरून काढताना 'क्रमेण' म्हटलंय, बेताबेताने. आधी दुपारचं थांबवा, पंधरा दिवसांनी मध्यरात्रीचं. प्रत्येक वेळी पाजण्याऐवजी वाटी पुढे आली पाहिजे आणि ती आधी आली पाहिजे, नंतर नाही.

ग्रंथाने यावर उपाय एका शब्दात सांगितलाय, अग्निदीपन, म्हणजे पोटातला अग्नी, भूक पेटवणं. त्याचा अर्थ लोक चूर्ण असा लावतात. मी तुम्हाला चूर्ण देणार नाही. दोन खाण्यांच्या मध्ये बिस्किट, दुधाची बाटली आणि पाकिटातले कुरकुरे बंद केले की बहुतेक मुलांचा अग्नी आपोआप पेटतो. सकाळी मुगाचं कढण, त्यात चिमूटभर जिरेपूड, सुंठ आणि अर्धा चमचा तूप. दुपारी मऊ भात, घट्ट वरण आणि वर एक पूर्ण चमचा तूप. तूप दिसलं पाहिजे. खात असाल तर दिवसाआड अंडं, किंवा मटणाच्या सुपातलं बोटभर मऊ मटण कुस्करून. मांसरसाची शोषावर, म्हणजे अंग सुकत जाण्यावर, चरकाने किती शिफारस केलीय हे शाकाहारी वैद्य सांगायचं टाळतात. संध्याकाळी वाग्भटाचा एक लाडू द्या. ज्याचं अंगावरचं दूध तुटलंय त्या बाळासाठी म्हणूनच तो सांगितलेला आहे, नाव प्रीणन मोदक. साळीच्या लाह्यांचं पीठ एक वाटी, चारोळीची पूड चार चमचे, खडीसाखर चवीपुरती, ज्येष्ठमधाची पूड पाव चमचा आणि वळण्यापुरता मध. मुलगा वर्षावरचा आहे म्हणून मध चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको, मग ग्रंथात काहीही असो.

अरविंदासव वाईट औषध नव्हे, पण आसव आहे. त्यात आपोआप तयार झालेलं मद्य असतं. माझ्या मते तुमच्या मुलाला त्याची गरज नाही. वजन दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर करा. महिन्यात रेषा वर वळली नाही, खोकला राहिला किंवा ताप येत राहिला, तर बालरोगतज्ज्ञांकडून क्षयाची आणि लघवीची तपासणी करून घ्या. आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषाला सांगा: रोज संध्याकाळी अर्धा तास हे पोर त्याच्या कडेवर हवं. परिभव नाव असलेल्या रोगावर एवढं तरी औषध पुरुषाने द्यावं.

पेठ तालुक्यातून एक अंगणवाडी सेविका लिहितात: माझ्या पाड्यावर चौदा महिन्यांची मुलगी आहे. वजन 6 किलो 100 ग्रॅम, दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल, 11.1 सेंटिमीटर आली. आई वीटभट्टीवरून नुकतीच परतली आहे. दवाखान्यात भरती व्हायला घरचे तयार नाहीत, भगताकडे गेले होते. आजी पोटाला चटके द्यायचं म्हणतेय. पण आई सांगते, चार दिवसांपासून पाय जरा भरल्यासारखे दिसतायत, म्हणजे सुधारतेय. तोवर गावठी किंवा आयुर्वेदिक औषध काही चालेल का? मी काय सांगू त्यांना?

सेविकाताई, हे पत्र मला मिळालं त्याच दिवशी संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी फोन केला, हे तुम्हाला माहीत आहे. तरी उत्तर छापतेय, कारण हीच चूक एकदा मीही केली आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता, जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. मी नुकती पदवी घेतलेली, त्या बाजूला एका शिबिरात गेले होते. दीड वर्षाचा कातकरी मुलगा आणला. मला तो बाकीच्यांपेक्षा बरा वाटला, गाल भरलेले, पाय गुबगुबीत. मी त्याला भूक वाढवायचं चूर्ण दिलं आणि रांगेतला पुढचा रोगी घेतला. आमच्यातल्या वयस्क नर्सबाईंनी ते पाहिलं. काही न बोलता त्या मुलाच्या पायावर अंगठा दाबून ठेवला, मनात तीन मोजले आणि उचलला. पायावर खड्डा तसाच राहिला, भिजल्या मातीत बोट रुतावं तसा. दुसऱ्या पायालाही तसाच. "बाई, हे मांस नाही, पाणी आहे." त्याच जीपमधून त्याला खाली पाठवला. तो वाचला. माझ्या चूर्णामुळे नाही, त्या अंगठ्यामुळे.

म्हणून तुमच्या मुलीच्या आईला पहिलं हे दाखवा. तिच्याच अंगठ्याने दाबायला लावा. दोन्ही पायांवर खड्डा राहत असेल तर वजन आणि पट्टी काहीही सांगो, मूल अतितीव्र कुपोषित आहे आणि त्याची जागा पोषण पुनर्वसन केंद्रात आहे, आजच. पट्टी तर 11.5 च्या खाली आलेलीच आहे. सूज, मलूलपणा, ताप, जुलाब, अंग गार पडणं, खाण्याला साफ नकार, यातलं एकही असेल तर घरी थांबून कुठलंच औषध नको, माझंही नको.

तिथे जाऊन काय करतात, बाटल्याच लावतात, असं घरचे म्हणतील. त्यांना सांगा की तिथे पहिलं औषध दूधच आहे. एफ-75 नावाचं पातळसं दूध, 100 मिलिलीटरला 75 कॅलरी, तेही थोडं थोडं, सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल सावरलं, सूज ओसरू लागली, भूक लागली की मग एफ-100, ते दाट. सुरुवातीच्या दिवसांत लोहाचं औषधही देत नाहीत. कुपोषित पोराला पहिल्याच दिवशी भरभरून खाऊ घातलं तर ते दगावू शकतं, हे आज सगळं जग मानतं. आता चरकाचा हा श्लोक ऐका, सूत्रस्थानातल्या संतर्पणाच्या अध्यायातला: "सद्यःक्षीणो हि सद्यो वै तर्पणेनोपचीयते। नर्ते संतर्पणाभ्यासाच्चिरक्षीणस्तु पुष्यति॥" नुकता रोडावलेला लगेच भरून येतो; फार दिवसांचा क्षीण मात्र सवयीने, सातत्यानेच पोसला जातो. आणि लगेच पुढे सांगितलंय की अशा जुन्या दुबळ्याला त्याचा देह, अग्नी, मात्रा आणि वेळ पाहून, घाई न करता औषध द्यावं. 'अत्वरमाणेन', घाई न करता. आयुर्वेद सोडून दवाखान्यात कसं जायचं, असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की त्या वॉर्डात पेयेपासून, म्हणजे पातळ पेजेपासून, वर चढत जाणारा आयुर्वेदाचाच क्रम चालतो, फक्त मापाच्या भांड्याने.

चटक्यांचं तर अजिबात ऐकू नका. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात, तुमच्याकडे आणखी काही म्हणत असतील. जुनं आहे म्हणून आपलं आहे असं कोणी सांगेल, तर सुश्रुतालाच साक्षीला बोलवा. अग्निकर्म, म्हणजे डागणं, सुश्रुताने स्वतः शिकवलंय आणि ते कोणाला करू नये याची यादीही दिली आहे. त्या यादीत 'दुर्बल' आणि 'बाल' हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत. तुमच्या पाड्यावरची मुलगी दोन्ही आहे.

भगताशी मात्र भांडू नका. त्याच्याकडे आधी जातात कारण तो रात्री दोनला दार उघडतो. माझ्या भागातल्या एकाला मी अंगठा दाबायला शिकवलं होतं. तो अंगारा लावायचा आणि खड्डा दिसला की चिठ्ठी न लिहिता माणूस सोबत देऊन माझ्याकडे धाडायचा. दोरा बांधू दे, धूप करू दे, फक्त गाडी निघाल्यावर. घरच्यांची खरी अडचण वेगळीच असते: चौदा दिवस आई भरती राहिली तर बाकीच्या पोरांना कोण पाहील, मजुरी कुठून येणार? बुडीत मजुरीचे पैसे केंद्रात मिळतात हे आधी सांगा, थोरल्या पोराला तेवढे दिवस अंगणवाडीत दोन्ही वेळ बसवून घ्या, मग औषधाची गोष्ट काढा. केंद्रातून परत आल्यावर आईला वेगळं काही शिकवायला नको. तांदूळ, तूर, नागली, शेंगदाणे आणि तेल. तेल विशेष, बाजारात स्वस्त मिळतं आणि पोराच्या वाटीत कधीच पडत नाही.

सांगलीहून एक आजोबा लिहितात: नात साडेतीन वर्षांची. वजन 12 किलो 800, उंची 96 सेंटिमीटर. दिवसभर उड्या मारते पण अंगाला काही लागत नाही. शेजारची मुलं गुबगुबीत आहेत. दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन चालू केलंय, आठ महिने झाले. फरक नाही. मात्रा वाढवावी का?

आजोबा, मात्रा वाढवू नका, शेजाऱ्यांकडे पाहणं कमी करा. दिलेले आकडे मी मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर मांडून पाहिले. मधल्या रेषेच्या खाली आहे, पण पट्ट्याच्या आत आहे. तिच्या आईबापांची उंची तुम्ही लिहिली नाहीत; माझा अंदाज, दोघेही किरकोळ बांध्याचे असावेत. वाग्भट तर म्हणतो, स्थूलपणापेक्षा कृशपणा बरा. नात दिवसभर उड्या मारतेय, आजारी पडत नाही, रेषा तिच्या उंचीसोबत वर चढतेय, तर तिला 'अंगाला लागलेलं' आहे.

सुवर्णप्राशनाबद्दल मात्र थोडं बोलते, कारण आज त्याचा बाजार झाला आहे. ही गोष्ट काश्यपसंहितेतली, म्हणजे आयुर्वेदातल्या बालरोगांवरच्या जुन्या ग्रंथातली, त्यातल्या लेहाध्यायातली, चाटणांच्या अध्यायातली. तिथे सोनं धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात घासून मध-तुपाबरोबर चाटवायला सांगितलंय. मेधा, अग्नी आणि बळ वाढतं असं फळ दिलंय. त्या श्लोकांत पुष्य नक्षत्र नाही. आणि त्याच अध्यायात कोणत्या मुलांना लेहन देऊ नये हेही आहे: मंदाग्नी असलेली, तापातली, जुलाबातली, सुजलेली. म्हणजे ज्या मुलांसाठी लोक रांगा लावतात, त्यांतल्या बऱ्याच मुलांना काश्यपानेच रांगेतून बाहेर काढलं असतं. सोन्याचं भस्म कोणी केलं, कशात केलं, शिसं-पारा तपासला का, हे विचारल्याशिवाय मी माझ्या नातवालाही थेंब दिलेला नाही. त्याच संहितेत एक ओळ आहे जी या शिबिरांच्या फलकावर मला अजून दिसलेली नाही: "न चाहारसमं किञ्चिद् भैषज्यमुपलभ्यते", आहारासारखं दुसरं औषध सापडत नाही. आहारालाच तिथे महाभैषज्य म्हटलंय.

एक प्रश्न राहिला. ती शेवटची जंताची गोळी कधी खाल्ली? 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, अंगणवाडीत मोफत देतात. 'आमची चांगल्या घरची' म्हणून तुमच्यासारखी घरं ती टाळतात. जंत घर बघून येत नाहीत.

बडोद्याहून एक आई: मुलगी आठ महिन्यांची. साडेसहा महिन्यांपासून वजन 7 किलो 100 वरच आहे. आईने कोल्हापूरहून नाचणी सत्व पाठवलंय, तीन वेळा पातळ खीर देते, आवडीने पिते. भाताची पेजही देते. मग वजन का वाढत नाही?

बाळा, 'पिते' हाच शब्द तुझं उत्तर आहे. एवढ्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलीटर मावतं, किलोमागे तीस या हिशेबाने. त्यात तू पातळ पेज ओतलीस की पोट भरलं, पण भरलं ते पाण्याने. खीर चमच्यावरून पटकन ओघळते का बघ. ओघळत असेल तर ती अजून दूधच आहे. चमच्यावर बसून राहिली पाहिजे.

दुसरं, सत्व. आपल्या बायकांना सत्व म्हणजे सर्वात सकस असं वाटतं. नावच तसं आहे. पण नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसतो तो मुख्यतः पिष्ट भाग. प्रथिनांचा, सालीचा बराच हिस्सा चोथ्यात जातो, तो आपण कोंबड्यांना घालतो. कोंबड्या छान होतात. तू अख्ख्या नाचणीचं पीठ वापर, वस्त्रगाळ केलंस तरी पुरे.

दाट खीर बाळ गिळत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर आपल्याच माजघरात एक युक्ती होती. मूठभर नाचणीला मोड आणायचे, सावलीत वाळवायचे आणि न भाजता दळायचे. भाजलं की गुण गेला. रोजची खीर दाट शिजवायची, हाताला सोसेल इतकी कोमट झाली की त्यात या पिठाचा एक चमचा घालून ढवळायचं. पाच-दहा मिनिटांत डोळ्यांदेखत ती सैल होते, पाणी न घालता. मोडातला पाचक रस पिष्ट तोडतो. मग एक उकळी काढायची, जंतू मरायला हवेत ना, आणि शेवटी चमचाभर तूप. एका चमचा तुपात सुमारे 45 कॅलरी असतात, तेवढ्याच कॅलरींसाठी पातळ पेजेचा पेलाभर लागेल. सोबत शिजवलेलं मुगाचं वरण, कुस्करलेली केळी, अंड्याचा बलक. अंगावरचं दूध चालूच. आठव्या महिन्यात दिवसातून दोन-तीन वेळा वाटी आणि मागितलं तर मध्ये थोडं.

तुझ्या आईने बाळगुटीची पेटीही पाठवली असेल. सहाण, मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, मायफळ, सगळं मोठ्या प्रेमाने बांधलेलं. ती पेटी फेकू नकोस, पण चाटवूही नकोस. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज काही नको, आणि नंतरही रोज ओल्या राहणाऱ्या सहाणेवरून जुलाबाचे जंतू पोटात घालायला नकोत. दोन आठवड्यांत वजन हललं नाही तर तिथल्या डॉक्टरांना दाखव आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही बघायला सांग. कसं चाललंय ते कळव.

नांदेडहून बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी: फक्क रोग म्हणजे मुडदूस की कुपोषण? परीक्षेत काय लिहू?

परीक्षेत तुमचे सर सांगतील ते लिही, दोन गुण कशाला घालवतेस. पण दवाखान्यात बसल्यावर हे लक्षात ठेव की काश्यपाने रोगाची व्याख्या हाडांवरून केलेली नाही. वर्षाचं झालं तरी जे पायांनी चालत नाही ते मूल फक्क. मग तो कारणं तीन सांगतो. क्षीरज, म्हणजे पाजणारीचं दूध बिघडलेलं. गर्भज, म्हणजे आई पुन्हा गरोदर. चाकणच्या ताईंचं उत्तर पुन्हा वाच. आणि व्याधिज, तापासारख्या आजारांनी खंगलेलं. नितंब, दंड, मांड्या सुकलेल्या आणि पोट-डोकं मोठं. यात मुडदूस आहे, उपासमार आहे, वारंवार होणारे संसर्ग आहेत, मेंदूचा पांगळेपणाही बसेल. एका आधुनिक नावात ते कोंबायचा हट्ट धरू नकोस. एनएफएचएस-5 मध्ये, म्हणजे 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोड निघाली. त्यांचीही कारणं अशीच एकात एक गुंतलेली असतात.

आणि चिकित्सेत पुढे वाच. तूप, मांसरस, तेलाचं मर्दन सांगून झाल्यावर काश्यप एक गाडा करायला सांगतो, तीन चाकांचा, मुलाला धरून पावलं टाकायला. त्रिचक्र रथ! आपला पांगुळगाडाच तो. ही संहिता नेपाळात सापडलेल्या पोथीवरून 1938 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखान्यात छापली गेली, पोथी अर्धी तुटलेली, पण गाडा वाचला. मी आमच्या सुताराकडून एक करून घेतलाय, सागाचा. दवाखान्याच्या ओसरीवर असतो. पहिल्या आठवड्यात पोरं त्याला नुसती लटकतात. एवढ्यात एक पोर तो ढकलत थेट माझ्या टेबलापाशी आलं आणि वजनकाट्यावर आपटलं. काटा दुरुस्तीला दिलाय.